वापरलेली लक्झरी एसयूव्ही घेताना: नेहमीच्या तक्रारी आणि दुरुस्तीचे खर्च

ओव्हरहॉल

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी अलीकडे एकच प्रश्न विचारला आहे. नव्या फॉर्च्युनरच्या निम्म्याहून कमी पैशांत दहा-अकरा वर्षांची मर्सिडीज एमएल, बीएमडब्ल्यू एक्स ३, ऑडी क्यू ७ किंवा लँड रोव्हर डिस्कव्हरी मिळते आहे, घ्यावी का? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. मी सुट्या भागांच्या धंद्यात आहे आणि या गाड्या मला मनापासून आवडतात, म्हणूनच त्या नीट बघून घेतल्या जाव्यात असं वाटतं. खालचे आकडे पुण्या-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. पार्ट कुठला आणि गॅरेज कुठलं यावर ते बरेच हलतात.

आधी एक गैरसमज. मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी शेंद्र्याला, लँड रोव्हरची काही मॉडेलं पुण्यात. त्यामुळे पार्ट इथलेच, म्हणून स्वस्त असतील, असं लोक धरून चालतात. इथे होते ती मुख्यतः जोडणी. इंजिन-गिअरबॉक्सचे आतले भाग, एअर सस्पेन्शन, कॉम्प्युटर हे बहुतेक परदेशातूनच येतात. साठ लाखांची गाडी दहा वर्षांनी चौदा लाखांना मिळाली तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. एलईडी किंवा झेनॉनचा एक दिवा कंपनीत, म्हणजे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, दीड-दोन लाखांच्या घरात सहज जातो.

पण खरा खर्च बऱ्याचदा पार्टचा नसतोच. त्या पार्टपर्यंत पोचण्याचा असतो. मर्सिडीजचं तीन लिटरचं व्ही ६ डिझेल इंजिन घ्या, ओएम ६४२. एमएल ३५० आणि जीएल ३५० मध्ये हेच. इंजिन दणकट, नीट तेल मिळालं तर तीन लाख किलोमीटर आरामात चालतं. त्याचा ऑइल कूलर मात्र दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळाच्या) खाली बसवलेला आहे. तिथल्या उष्णतेने त्याची रबरी सीलं कडक होतात आणि तेल झिरपायला लागतं. ते खोबणीतून मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकतं, त्यामुळे पुष्कळ मिस्त्री क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला घेतात. सीलांची किंमत काही हजार. टर्बो आणि मॅनिफोल्ड काढून परत बसवण्यासकट बिल बाहेरच्या गॅरेजमध्ये ४० ते ६० हजार, कंपनीत त्याच्या दुप्पट. याच इंजिनावर टर्बोच्या तोंडाशी एक केशरी रबरी सील असतं. ते गळलं की तेल खालच्या स्वर्ल मोटरवर (आत जाणाऱ्या हवेच्या झडपा हलवणाऱ्या मोटरवर) ठिबकतं, मोटर मरते आणि गाडी ओढ सोडून देते. काही शे रुपयांचं सील वेळेवर बदललं तर हा पुढचा सगळा प्रकार टळतो.

बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेलमध्ये, म्हणजे एन ४७ मध्ये, हाच प्रकार टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या साखळीचा. चेन इंजिनाच्या पुढे नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. बदलायची तर गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन बाहेर काढा. पहिल्या पिढीची एक्स १ आणि २०११ ची एक्स ३ यांत हे इंजिन आहे. २०११ च्या आधी बनलेल्या इंजिनांत तक्रारी जास्त आहेत, पण नंतरच्या गाडीतही कान देऊन ऐकावंच.

आता एअर सस्पेन्शन. एमएल, जीएल, क्यू ७, डिस्कव्हरी, रेंज रोव्हर, कुठलीही असो. स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात. आपल्याकडच्या उन्हात आणि खड्ड्यांत त्या रबराला घड्यांच्या जागी भेगा पडतात. तपासणी सोपी आहे: गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी चारही चाकांवरची उंची टेपने मोजायची. एक कोपरा खाली बसला असेल तर तिथे गळती आहे. साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे दिसतात. मालक म्हणतो, "स्टार्ट केली की उचलते ना!" उचलते, कारण गळलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत असतो. थोड्याच दिवसांत तोही जळतो, कधी रिले चिकटतो आणि रात्रभर कॉम्प्रेसर चालून बॅटरीही संपते. एका पुढच्या स्ट्रटला (फुगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असतो त्याला) कंपनीत लाख-दीड लाख, बाहेरच्या चांगल्या ब्रँडचा ४० ते ७० हजार, कॉम्प्रेसर ४० हजार ते लाखभर. चारही फुगे एकाच वयाचे असतात हे विसरू नका. एक गेला की बाकीचे रांगेत असतात.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा किंवा आठ स्पीडचा बॉक्स असेल तर निर्धास्त राहा, फक्त "तेल आयुष्यभराचं आहे" यावर विश्वास ठेवू नका. खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. पॅन आणि फिल्टर एकत्रच येतात. सगळं मिळून ३० ते ५० हजार. जुन्या ऑडी क्यू ५ मधला सात स्पीडचा ड्युअल क्लच, डीएल ५०१, हा वेगळा विषय. त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटमधला (गिअर बदलण्याचं नियंत्रण करणाऱ्या भागातला) इलेक्ट्रॉनिक बोर्ड जातो. कंपनीत अख्खं युनिट बदलायचे तीन-चार लाख सांगतात, बोर्ड दुरुस्त करणारे हात असतील तर लाखभरात होतं. क्यू ७ मध्ये तो बॉक्स नाही, तिथे टॉर्क कन्व्हर्टरवाला नेहमीचा ऑटोमॅटिक आहे. म्हणून जुन्या ऑडीत माझं झुकतं माप क्यू ७ ला.

बाकीच्यांनी भर घाला.

श्रावणी_ठाणे

ओव्हरहॉल, फार उपयोगी माहिती. आम्ही २०१३ ची एक्स ३ बघतो आहोत, दोन लिटर डिझेल, मीटरवर ७८ हजार. विकणारा म्हणतो, चेन आयुष्यभराची असते, तिला हात लावावाच लागत नाही. आम्ही दोघंही गाडीतलं फारसं जाणत नाही. बघायला जाताना नेमकं काय करायचं? आणि चेन बदलायची वेळ आलीच तर किती?

गाडीवान

श्रावणीताई, माझं स्वतःचं गॅरेज आहे, याच गाड्यांचं काम करतो. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी बघणं रद्द करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तापलेल्या इंजिनात तेल पसरलेलं असतं, आवाज लपतो.

थंड इंजिन चालू करताना एकाने बॉनेटपाशी उभं राहायचं, एकाने आत बसायचं. चेन झिजली असेल तर घासल्यासारखा, साखळी ओढल्यासारखा आवाज मागून, डॅशबोर्डच्या बाजूने येतो. दीड-दोन हजार आरपीएमला तो जास्त स्पष्ट होतो. पुढून येणारी टकटक बेल्ट, पुली किंवा इंजेक्टरची असते, तिची एवढी भीती नको. चेन, गाइड, टेन्शनर सगळं धरून बाहेर सव्वा ते पावणेदोन लाख, कंपनीत अडीच लाख आणि वर. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात, मग इंजिनच बदलायचं बघावं लागतं.

किलोमीटरपेक्षा तेल कधी कधी बदललं ते विचारा. गाडीचा कॉम्प्युटर खूप लांबचा पल्ला दाखवतो आणि लोक तेवढी थांबतात. मी माझ्या गिऱ्हाइकांना दहा हजार किंवा एक वर्ष सांगतो. ७८ हजारांत चारच वेळा तेल बदललेली गाडी मला नको, दीड लाख फिरून वेळच्या वेळी बदललेली चालेल.

आणखी एक. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणाऱ्या भागासाठी) जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. कूलरमधून कूलंट झिरपून काजळीत मिसळतं आणि आग लागू शकते, दक्षिण कोरियात तशा बऱ्याच घटना झाल्या होत्या. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला विचारा की या गाडीवर कुठलं रिकॉल बाकी आहे का.

रंकाळा

मी कोल्हापूरचा, विमा सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षं आहे. पाण्यात गेलेल्या गाड्यांबद्दल लिहायलाच हवं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे आणि सांगलीला, २०२१ च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. चेन्नईला २०१५ आणि २०२३ मध्येही तेच. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. जुन्या लक्झरी गाडीत हे फार लवकर होतं, कारण आयडीव्ही बारा लाख आणि पार्ट मात्र नव्या गाडीच्या भावाचे. दोन एअरबॅग, एक दिवा, रेडिएटर आणि बंपर एवढ्यातच आकडा नऊ लाखांच्या पुढे जाऊ शकतो. अशा गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात आणि मूळ शहरापासून लांब विकल्या जातात.

बघायचं असं: सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या भागावर पाण्याची रेघ किंवा गाळाचा डाग आहे का. सीट पुढे-मागे करून खालच्या रेलवर आणि बोल्टांवर गंज आहे का. मागचं कार्पेट उचला, त्याखालच्या फोमला हात लावा. सेंटवाला वास खूप मारला असेल तर काचा बंद करून एसी बंद ठेवून दहा मिनिटं बसा, कुबट वास वर येतोच. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, तेही बघून घ्या. मधल्या एखाद्या वर्षात विमाच नसेल तर कारण विचारा.

मृण्मयी_एन

रंकाळा, कार्पेटच्या पाण्याला पूर हेच एकमेव कारण नसतं. पॅनोरामिक सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. पिंपळाखाली, गुलमोहोराखाली उभ्या गाडीत त्या पानांनी, मातीने तुंबतात. मग पहिल्या जोराच्या पावसात पाणी आत उतरतं आणि कार्पेटखाली साचतं. तिथेच वायरिंग आणि कंट्रोल मॉड्यूल असतात. आमच्याकडच्या गाडीत (ब्रँड लिहीत नाही) सुरुवात काचा आपोआप उघडण्यापासून झाली आणि बिल मॉड्यूल, वायरिंग, लेबर धरून लाखाच्या पुढे गेलं. आता दर मे महिन्यात नळ्या साफ करून घेतो. नायलॉनची मऊ तार आणि थोडं पाणी, बस. हवेचा जोराचा झोत मारू देऊ नका, नळी आत सांध्यातून निसटते.

पिंपळे_सौदागर

दिल्लीच्या गाड्यांबद्दल काय मत आहे? तीच क्यू ७ तिकडे इथल्यापेक्षा तीन-चार लाखांनी कमी दिसते.

ओव्हरहॉल

ती स्वस्त का, ते आधी बघू. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने (एनजीटी) २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. २०२५ मध्ये कोर्टाने कारवाईबाबत काही दिलासा दिला, पण दहाव्या वर्षाच्या आत गाडी काढून टाकायची तिथल्या मालकांची सवय झाली आहे. म्हणजे स्वस्त गाडी प्रत्येक वेळी खराबच असते असं नाही. दिल्लीचे रस्ते मोठे, समुद्राची हवा नाही, त्यामुळे तळाचा गंज मुंबईच्या गाडीपेक्षा कमी दिसतो.

पण हिशोब पूर्ण करा. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी, आणि कर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, २० लाखांहून महाग डिझेल गाडीचा एकरकमी कर १५ टक्के आहे. परराज्यातल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे घट मिळते, पण हिशोब सुरू होतो तो मूळ किमतीवरून, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून नाही. इथेच तीन लाखांची बचत बरीचशी विरते. त्यात गाडी आणायचा खर्च, एजंट, आणि तिथे जाऊन थंड इंजिन ऐकायची संधी न मिळणं. फोटो आणि व्हिडिओ बघून मी घेणार नाही.

लेस्टरचा_पाहुणा

इंग्लंडमध्ये राहतो. इथे गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग फुकट दिसतं. कुठल्या वर्षी टायर झिजले होते, कुठे तळ गंजला होता, सगळं. आपल्याकडे हे सुरू झालं तर मीटर मागे फिरवण्याचा धंदा बसेल.

डिस्कव्हरी ४ बद्दल लिहितो, कारण ती मला सगळ्यात जास्त आवडते आणि घेण्याआधी सगळ्यात जास्त तपासावी लागते. तीन लिटरच्या डिझेल व्ही ६ मध्ये क्रँकचे बेअरिंग फिरणं आणि क्रँकशाफ्टच तुटणं या तक्रारी इथे सर्वज्ञात आहेत. पूर्वसूचना फारशी मिळत नाही. टायमिंग बेल्टशिवाय मागच्या बाजूला इंधन पंपाचा दुसरा बेल्ट असतो. लोक पुढचा बदलतात आणि मागचा विसरतात. मोठं काम निघालं की इथले अनुभवी मिस्त्री सरळ बॉडी चॅसीवरून उचलतात, कारण जागाच नाही. तुमच्याकडे एवढी लिफ्ट आणि सवय असलेली गॅरेजं किती?

गाडीवान

मोजकीच आहेत. डिस्कव्हरीचं इंजिन गेलं तर आमच्याकडे दोन रस्ते: कंपनीचं इंजिन, ज्याचा आकडा गाडीच्या किमतीच्या आसपास जातो, नाहीतर कुर्ल्यातून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून उतरवलेलं जुनं इंजिन. ते कुठल्या गाडीचं, किती चाललेलं, काही कळत नाही. दरवाजा, आरसा, सीट, दिवा यासाठी भंगार बाजार उत्तम. इंजिन आणि एअरबॅग तिथून मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही.

नाशिकची_वाट

सगळे नुसते धोके लिहिताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. आमची जुनी जर्मन एसयूव्ही घरातल्या माणसासारखी झाली आहे. मुंबई-नाशिक पावसात रात्री चालवताना जो विश्वास वाटतो, तो आम्हाला त्या किमतीच्या नव्या गाडीत मिळाला नाही. सासूबाईंच्या पाठीला एसटीनंतर सोसणारी ही एकच गाडी.

आमचा खर्च: बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये वर्षाची सर्व्हिस २० हजारांच्या आसपास, कंपनीत हेच ४० ते ५० सांगतात. त्याशिवाय दरवर्षी दीड लाख वेगळे ठेवतो. एखाद्या वर्षी त्यातले दहा हजारही लागत नाहीत, एखाद्या वर्षी सस्पेन्शनचे आर्म, बुश आणि टायर एकदम येतात आणि पैसे संपतात. ज्याला हे वेगळे ठेवणं जमतं त्याने जरूर घ्यावी. कर्जाचा हप्ता भरताना ज्याची ओढाताण होणार असेल त्याने चांगली क्रेटा घ्यावी, हे मी जवळच्या माणसालाही सांगते.

आणि बॅटरी! मोठी एजीएम बॅटरी २० ते ३० हजारांची असते, पण नवी टाकल्यावर स्कॅनर लावून गाडीला ती कळवावी लागते. नाक्यावरच्या दुकानातून साधी बसवली की महिन्याभरात नाना तऱ्हेचे इशारे यायला लागतात आणि मालक उगाच सेन्सर बदलत बसतो.

श्रावणी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडीवानदादांनी सांगितल्याप्रमाणे थंड गाडी ऐकली, मग मालकाच्या परवानगीने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासून घेतली. चेनचा आवाज नाही. तेलाच्या नोंदी दरवर्षीच्या आहेत. रिकॉल बाकी नाही. पाण्याची खूण नाही. पण पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली की खालून धक्के बसल्यासारखं होतं. पुढचे दोन टायर नवे, वेगळ्या कंपनीचे, मागचे जुने. तपासणीच्या कागदावर "ट्रान्सफर केस बघावी" एवढंच लिहिलंय. मालक म्हणतो, सगळ्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या असंच करतात.

गाडीवान

करत नाहीत. ट्रान्सफर केसमध्ये क्लचच्या प्लेटा असतात, त्या पुढच्या चाकांना किती ताकद द्यायची ते ठरवतात. चारही टायरचा घेर सारखा असेल तर सरळ रस्त्यावर त्यांना फारसं काम नसतं. नवे आणि झिजलेले टायर एकत्र आले की पुढची आणि मागची चाकं कायम वेगवेगळ्या वेगाने फिरतात, क्लच सतत घासतो, तेल जळतं. मग वळताना असे झटके येतात.

लवकर पकडलं तर टायर आणि तेल बदलून बऱ्याच गाड्या शांत होतात. तेलाचं काम आठ-दहा हजारांचं आहे. प्लेटाच गेल्या असतील तर दीड ते दोन लाख धरा.

ओव्हरहॉल

श्रावणी, गाडीवानांशी पूर्ण सहमत. गाडी मूळची चांगली दिसते आहे, सोडू नका, पण किंमत या कागदावरून ठरवा. चार टायर धरा. रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) घेतलेत तर आकारानुसार एकेक २० ते ३० हजार. साइडवॉलवर ताऱ्याची खूण असलेले घ्या, ते बीएमडब्ल्यूने तपासलेले असतात आणि चौघांचा घेर जुळतो. त्यात तेलाचे दहा हजार. एवढे तर किमतीतून सरळ वजा करायला सांगा, आणि ट्रान्सफर केसच्या जोखमीचे निदान पन्नास हजार वेगळे मागा.

मालक तयार झाला तर पैसे पूर्ण देण्याआधी लेखी घ्या: त्याने स्वतः टायर आणि तेल बदलून द्यायचं, मग पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तेच वळण घेऊन बघायचं, आणि झटके राहिले तर टोकन परत. क्रम मात्र हाच ठेवायला लावा, आधी टायर, मग तेल. उलटं केलं तर नवं तेलही त्याच टायरांनी जळेल आणि केस बरी झाली की नाही ते कळणारच नाही.